खो-खो, कबड्डीचे फोटो शार्प येत नाहीत? घोळ कुठे झाला ते फोटोच सांगतो

शाळेच्या स्पर्धा सुरू झाल्या की एकच तक्रार कानावर येते: "कॅमेरा चांगला आहे, पण फोटो शार्प येत नाहीत." त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो, लेन्स बदला. लेन्स बदलून सुटणारी प्रकरणं फार थोडी असतात. बहुतेक वेळा घोळ शटरच्या वेगात (फोटो टिपायला किती वेळ लागतो त्यात) नाहीतर फोकसच्या मोडमध्ये असतो आणि तो सुधारायला एक रुपयाही लागत नाही. मात्र धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखायला हवं. हललेल्या फोटोवर फोकसचे प्रयोग करत बसलात तर साखळी सामने संपून बाद फेरी उजाडते, फोटो मात्र तसेच.

उदाहरणं खो-खो आणि कबड्डीची घेतली आहेत. फुटबॉल, शंभर मीटर, लंगडी, सगळीकडे तपासण्याचा क्रम हाच.

आधी लक्षणं

बिघडलेले चार-पाच मूळ फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि १०० टक्के मोठे करून बघा. चेहऱ्याकडे बघून फार कळत नाही. त्याच्या आजूबाजूला बघा.

समजा, खो-खोतली मुलगी खांबाला वळसा घालते आहे. खांबावरचे ओरखडे मोजता येतात, मागे बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे ओळखू येतात, पण तिचा पाय म्हणजे नुसता राखाडी फराटा आहे आणि वेणीची दोरी झाली आहे. धड थोडं बरं, हातपाय पार पुसलेले. हा शटर मंद असल्याचा धूसरपणा.

तोच फराटा खांबालाही असेल, प्रेक्षकांनाही असेल आणि सगळ्यांचा एकाच दिशेने असेल, तर खेळाडूबरोबर तुमचा हातही हलला.

फराटा कुठेच नाही, पण मुलगी मऊ, लोण्यासारखी दिसते आहे. अशा वेळी तिच्या पायाखालच्या मातीकडे बघा. मैदानात आडवा एक पट्टा असा सापडेल की तिथले खडे लख्ख दिसतात. फोकस त्या पट्ट्यावर होता. पट्टा मुलीच्या पुढे असेल तर फोकस अलीकडे पडला, मागे असेल तर पलीकडे.

मातीतही कुठे लख्ख पट्टा नाही, सगळंच पाणी मारल्यासारखं दिसतंय? मग काच, हवा, अंतर किंवा लेन्समधला बिघाड. आणि चेहऱ्याची कड ठीक आहे पण गाल मेणाचे, भुवया पुसलेल्या, तर दोष आयएसओचा (सेन्सरवरचा उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) आणि नॉइज रिडक्शनचा (दाणे पुसणारी कॅमेऱ्यातली सोय).

हॉलमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. ओळीने काढलेल्या फोटोंत एक पिवळा, एक काळपट, एकात आडवा अंधारा पट्टा. हा धूसरपणा नाहीच, दिव्यांचा लपंडाव आहे. त्याबद्दल पुढे.

पहिली तपासणी: फोटो खरंच बिघडलाय का?

पालकांच्या ग्रुपवर "ब्लर आलेत" म्हणून गाजलेले कितीतरी फोटो मुळात ठीक असतात. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार आणि दर्जा दोन्ही कमी करतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मग निवाडा करा.

दुसरं म्हणजे काटछाट. २४ मेगापिक्सेलचा आडवा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. मुलगी फ्रेमच्या उंचीच्या दहाव्या हिश्शात मावत असेल तर तिच्या वाट्याला आले फक्त ४०० पिक्सेल. एवढ्यात डोळे धारदार दिसणार नाहीत, कॅमेरा कितीही भारी असो. खेळाडू फ्रेमच्या निम्म्या उंचीचा तरी हवा. त्यासाठी पुढे सरका, जागा बदला. प्रेक्षागृहाच्या वरच्या पायरीवरून ५५-२५० मिलिमीटरच्या लेन्सने हे जमत नाही.

काच आणि फिल्टर

मऊ मायक्रोफायबर कापड आणि रबरी ब्लोअर, एवढ्यावर ही तपासणी होते. आधी ब्लोअरने धूळ उडवा आणि मगच पुसा. खो-खोच्या मैदानावरची माती काचेवर तशीच घासली तर कायमचे चरे पडतात. शर्टाच्या टोकाने पुसायची सवय असेल तर ती आजच सोडा.

पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून दहा फोटो घ्या. लांब पल्ल्याच्या लेन्सवर वाईट फिल्टरने तपशील खरोखर मऊ पडतो आणि उजेडाच्या दिशेने फोटो काढताना सगळ्यावर दुधी झाक येते. पावसाळ्यात एसी गाडीतून थेट मैदानात कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते. बॅगेची चेन न उघडता बॅग वीस-तीस मिनिटं बाहेर राहू द्या. पुसत बसून उपयोग नाही, वाफ पुन्हा धरते.

व्ह्यूफाइंडरशेजारचं डायऑप्टरचं छोटं चाकही बघून घ्या. ते फिरलं असेल तर तुम्हाला दिसणारं चित्र धूसर, फोटो मात्र ठीक येतो. चाक फिरवून व्ह्यूफाइंडरमधले आकडे स्पष्ट करून घ्या, प्रश्न मिटतो.

शटर: बहुतेकांचं दुखणं इथेच

बिघडलेल्या फोटोची माहिती उघडा, कॅमेऱ्यावर इन्फो किंवा डिस्प बटणाने किंवा कॉम्प्युटरवर. शटरचा आकडा १/२५०, १/३२० असा दिसला तर पुढचं काही शोधायची गरज नाही.

हिशेब साधा आहे. सेकंदाला ५ मीटर पळणारं मूल १/२५० सेकंदात २ सेंटिमीटर पुढे जातं. १/१००० ला तेच अंतर ५ मिलिमीटर. पळताना हात आणि पाऊल धडापेक्षा जास्त वेगाने फिरतात, म्हणून आधी तेच पुसले जातात. आडव्या दिशेने धावणाऱ्यांसाठी १/१००० ही खालची मर्यादा धरा. खांबावरचा सूर, कबड्डीतली पायाची झेप, पाठीवरून मारलेली उडी, यांना १/१२५० ते १/१६००. दहा वर्षांखालच्या मुलांना १/८०० पुरतं. खेळाडू थेट तुमच्याकडे धावत येत असेल तर १/६४० ही चालतं, कारण तो फ्रेममध्ये आडवा फारसा सरकत नाही. तिथे कस फोकसचा लागतो.

मोड कुठला? एम (मॅन्युअल) ठेवा, शटर १/१०००, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड सर्वांत मोठं (एफचा आकडा सर्वांत लहान) आणि आयएसओ ऑटो. ए किंवा एव्ही मोडमध्ये (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ऑटो आयएसओ लावून बसणारे हमखास फसतात. आयएसओ तुम्ही घातलेल्या कमाल मर्यादेला टेकला की कॅमेरा न विचारता शटर खाली आणतो. पहिला डाव लख्ख, ऊन उतरल्यावरचा दुसरा डाव सगळा हललेला, असं झालं असेल तर कारण हेच. एम मोडमध्ये शटर जागेवर राहतं आणि फोटो अंधारा येतो. अंधारा फोटो थोडा उजळता येतो, हललेल्याचं काही करता येत नाही.

डायलवरचा धावत्या माणसाचा स्पोर्ट्स मोड भर उन्हात वाईट नाही. हॉलमध्ये त्याच्यावर विसंबू नका.

आता प्रकाशाचं गणित. भर उन्हात आयएसओ २०० आणि एफ ५.६ ला १/१६०० सहज मिळतं. सूर्य कलून प्रकाश आठ पटीने उतरला की त्याच सेटिंगला आयएसओ १६०० लागतो. बऱ्यापैकी उजेडाच्या हॉलमध्ये १/१००० साठी एफ २.८ ला आयएसओ ३२०० लागत असेल, तर कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एफ ५.६ च्या किट लेन्सला १२,८०० लागणार. आयएसओ वाढवायला घाबरू नका. दाणेदार पण धारदार फोटो छापून वर्गाच्या फलकावर लागतो. गुळगुळीत आणि हललेला कुणी लावत नाही.

मेणाचे गाल दिसत असतील तर जेपेगचं नॉइज रिडक्शन कमीवर आणा किंवा रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. मुद्दाम अंधारे फोटो काढून नंतर उजळू नका, त्याने दाणा आणखी वाढतो.

हात हलत असेल तर

शटर १/१००० ला गेलं की हा प्रश्न बहुधा आपोआप संपतो. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर २५० मिलिमीटरला हातात धरून किमान १/४०० लागतं, आणि आपण त्याच्या वर आहोत. लेन्सवरचं आयएस, व्हीआर किंवा ओएसएस हाताचा थरथराट सावरतं, पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही. "स्टॅबिलायझर आहे ना, मग १/१२५ चालेल" हा हिशेब खांब धारदार करतो, मूल नाही.

फोकस: इथे सावकाश वाचा

पहिली चूक सिंगल फोकसची. कॅननवर वन शॉट, निकॉन-सोनीवर एएफ-एस लावलं असेल तर अर्धं बटण दाबल्यावर अंतर कुलूपबंद होतं. मग मूल दोन पावलं पुढे येतं आणि फोकस जुन्या जागेवर राहतो, म्हणजे मातीतला लख्ख पट्टा मुलाच्या मागे. खेळाडूबरोबर फोकस सतत हलवत ठेवणारा मोड हवा: कॅननच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) एआय सर्वो लावा, मिररलेसवर (बिनआरशाच्या) नुसतं सर्वो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. बटण अर्धं दाबून निदान अर्धा सेकंद खेळाडूच्या मागे राहा आणि मग पूर्ण दाबा. एकदम खटकन दाबलं की पहिला फोटो हमखास मऊ येतो.

धारदार पट्टी किती अरुंद असते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. एपीएस-सी बॉडी, २०० मिलिमीटर, एफ २.८, खेळाडू १० मीटरवर: सगळी मिळून जेमतेम २७ सेंटिमीटर. २५० ला एफ ५.६ घेतलं तरी ३४ च्या आसपास. फोकस छातीच्या नंबरवर असेल तर चेहरा वाचतो. पुढे आलेल्या हाताच्या पंजावर असेल तर चेहरा गेला.

दुसरी चूक, सगळे फोकस पॉइंट चालू ठेवणं. खो-खोत ती फार महागात पडते. मधल्या पाटीवर आठ जण ओळीने बसलेले असतात, हालचाल न करणारे आणि स्पष्ट कडांचे. मोठ्या क्षेत्रातून कॅमेरा जवळचं आणि ठळक उचलतो, म्हणजे बसलेल्या मुलाचं डोकं. एकच मधला पॉइंट घ्या किंवा त्याच्याभोवतीचे चार-आठ पॉइंट मदतीला देणारा मोड. कॅनन १५००डी सारख्या साध्या बॉडीवर तर नऊपैकी मधलाच पॉइंट सर्वांत भरवशाचा आहे. डोळा ओळखणारा नवा मिररलेस असेल तर ती सोय जरूर वापरा, पण क्षेत्र लहान ठेवूनच. नाहीतर तो प्रेक्षकांतल्या काकांचा डोळा पकडून बसतो.

कबड्डीत वेगळी अडचण येते. बचाव करणाऱ्यांच्या मागे उभे राहिलात तर चढाई करणाऱ्याचा चेहरा मिळतो, पण मध्ये साखळी धरलेल्यांच्या पाठी येतात आणि फोकस पाठीवर जातो. मध्यरेषेच्या टोकाशी, पंच आणि राखीव खेळाडूंना अडथळा होणार नाही इतकं मागे बसा. पकड झाल्यावर मध्यरेषेकडे झेपावणारा हात आणि चेहरा तिथून एका फ्रेममध्ये येतात. मोठ्या मुलांचं मैदान १० मीटर रुंद असतं, म्हणजे त्याचा मध्य बाजूच्या रेषेपासून ५ मीटरवर. इथे ५० मिलिमीटर एफ १.८ ची स्वस्त लेन्स महागड्या झूमइतकं काम देते. कडेने फिरणारे पंच मध्ये आले की फोकस त्यांच्याकडे उडत असेल तर ट्रॅकिंगची संवेदनशीलता एक-दोन घर कमी करा, म्हणजे कॅमेरा जरा थांबून मग निर्णय घेतो.

खो-खोत उभं कुठे राहायचं? पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांमधून कसाही निसटतो. म्हणून पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा नाचवण्यापेक्षा खांबाशी वाट बघणं फायद्याचं. लेन्स फार मंद असेल, कॅमेरा जुना असेल आणि ऊन भरपूर असेल तर एक जुनी युक्ती अजून चालते. खांबावर फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, एफ ८ लावा. २०० मिलिमीटरला १० मीटरवर पाऊण मीटरची धारदार पट्टी मिळते. खांब धरून वळणारा खेळाडू तिच्यातूनच जातो. एवढं करून ओळीने तीन-चार फ्रेम घ्या.

मागच्या एएफ-ऑन बटणाने फोकस करण्याची सवय लावली तर हे आणखी सोपं होतं: बटण धरलं की पाठलाग, सोडलं की फोकस जागच्या जागी. हाताला बसायला दोन सामने जातात. तोवर कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, त्याचे सगळे फोटो आऊट येतील आणि बोलणी तुम्हाला बसतील.

हवा, जाळी, दिवे

फेब्रुवारी ते मे, दुपारी तापलेलं मैदान आणि समोर ४० मीटरवरचा खेळाडू. मधली हवा उकळल्यासारखी हलते आणि चित्र पाण्याखालचं दिसतं. यावर सेटिंग नाही. जवळ जा किंवा सकाळचे सामने घ्या. टर्फच्या जाळीतून काढताना लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. फूटभर मागून काढलं तर फोकस जाळीवरच अडकतो.

हॉलमधल्या पट्ट्यांचं कारण म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००० चं शटर कधी उजेडाच्या शिखरावर सापडतं, कधी दरीत. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा आणि मिररलेसवर मेकॅनिकल शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरने पट्टे वाढतात, शिवाय वेगाने फिरणारे हात वाकडे येतात. फ्लॅश मात्र लावू नका. चढाईच्या मध्ये डोळ्यांवर लख्ख उजेड पडला तर पंच तुम्हाला बाहेर काढतील आणि ते बरोबरच असेल.

घरची चाचणी: लेन्स दोषी आहे का?

वरचं सगळं करूनही फोकस प्रत्येक वेळी एकाच बाजूला पडत असेल तरच हे करा. टेबलावर तीन पेन्सिल सेल तिरक्या ओळीत उभे करा, प्रत्येक सेल आधीच्यापेक्षा ५ सेंटिमीटर मागे. कॅमेरा ट्रायपॉडवर, ३ मीटर अंतर, ॲपर्चर पूर्ण उघडं, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. मधल्या सेलवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून दहा फोटो घ्या, प्रत्येक वेळी आधी फोकस बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) दहा.

लाइव्ह व्ह्यूचे बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही पुढच्या किंवा मागच्या सेलवर, तर बॉडी आणि लेन्सचा मेळ चुकला आहे. निकॉन डी७५०० किंवा कॅनन ९०डी मध्ये मेनूतून तो जुळवता येतो. कॅनन १५००डी, निकॉन डी५६०० मध्ये ती सोय नाही. मिररलेस सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे त्यात हा दोष जवळजवळ नसतो.

दुसरी चाचणी भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवून. चारही कोपरे बघा. एकच कोपरा मऊ असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. फोटोच्या त्याच कोपऱ्यात मऊपणा राहिला तर लेन्समधली काच सरकली आहे. भिंतीवरच्या त्याच पानावर राहिला तर तुम्ही कॅमेरा तिरका धरला होता.

इथे थांबा

काच सरकली असेल, लेन्स पडली असेल, फोकस करताना करकर आवाज येत असेल, आत पाणी गेलं असेल किंवा टॉर्चच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसत असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. बुरशीवर ऊन दाखवायचा घरगुती उपाय कोकणात आणि मुंबईत सर्रास सांगतात. काचेच्या आत आलेली जाळी त्याने जात नाही, उलट आतलं वंगण आणि गोंद तापतो. तोवर ती लेन्स इतरांपासून वेगळ्या डब्यात, सिलिका जेलबरोबर ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे उघडायला देऊ नका, वॉरंटी जाते.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देताना लेन्स आणि बॉडी दोन्ही द्या, कारण फोकसचा मेळ जोडीचा असतो. सेलचे आणि वर्तमानपत्राचे मूळ फोटो पेन ड्राइव्हवर सोबत द्या. नुसतं "शार्प येत नाही" लिहून दिलं तर "तपासलं, ठीक आहे" असा शेरा मारून लेन्स परत येण्याची शक्यता दाट. खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि तो आल्याशिवाय काम सुरू करू नका म्हणून सांगा. किट झूमची बुरशी काढायचा खर्च कधी कधी जुन्या बाजारात तीच लेन्स घेण्याइतका निघतो.